आधी मैदान मोजा

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावात फुटबॉलचं मैदान किती मोठं हे प्रशिक्षक ठरवत नाही, डोंगरउतार ठरवतो. भातकापणी झाली की एखादं खाचर मोकळं होतं. चारी बाजूंनी बांध, खाली धसकटं, आणि जेवढी मुलं जमतील तेवढी आत. 15 सप्टेंबर 2017 रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’च्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांमधून फुटबॉल खेळला गेला. चेंडू गावोगाव नेता येतो. सपाट जमीन कुठून आणायची?

या डोंगराळ भागातला एक संघ हिवाळाभर असाच सराव करताना प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला. साधारण 40 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद खाचर, त्यात पाच विरुद्ध पाच. मुलं कमालीची चपळ झाली होती. मग स्पर्धेत पूर्ण मापाचं मैदान समोर आलं. पहिल्या सत्रात चेंडू त्यांच्याच पायात होता. मध्यंतरानंतर कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणाची मांडी मागून धरली, आणि बचावफळीला परत यायला उशीर होऊ लागला. ‘स्टॅमिना नाही’ असा शेरा बघ्यांनी मारला. रोज चढण चढून शाळेत येणाऱ्या मुलांविषयी हा शेरा अन्यायाचा होता. कमी पडला होता तो सराव, आणि तोही एका विशिष्ट प्रकारचा.

हिशेब साधा आहे. 105 बाय 68 मीटरच्या मैदानाचं क्षेत्रफळ 7140 चौरस मीटर भरतं. गोलरक्षक सोडून वीस खेळाडू धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला 357 चौरस मीटर येतात. त्या खाचरात प्रत्येकाला मिळत होते 60.

खेळाडूमागे किती जागा, या एका आकड्यावर शरीराला पडणारे कष्ट बदलतात. स्पेनमधल्या कासामिचाना आणि कास्तेयानो या संशोधकांनी 2010 साली तरुण खेळाडूंना पाच विरुद्ध पाच खेळवून हे तपासलं. गडी तेवढेच ठेवले, जागा मात्र खेळाडूमागे सुमारे 275, 175 आणि 75 चौरस मीटर अशी बदलली. मोठ्या जागेत कापलेलं अंतर, वेगवान धावणं, हृदयाचे ठोके आणि खेळाडूंना जाणवलेली दमछाक, सगळंच वाढलं. लहान जागेत चेंडू अडवणं, ताब्यात घेऊन पुढे काढणं, गोलाकडे मारणं अशा कृती जास्त वेळा घडल्या.

म्हणून लहान मैदान वाईट म्हणता येत नाही. तिथे पायाला चेंडूची सवय होते, नजर तल्लख होते. पण वेग धरला न धरला तोच बांध येतो. थांबा, वळा, पुन्हा निघा. या ब्रेक लावण्याचा ताण मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, जांघेवर, गुडघ्या-घोट्यांवर पडतो. मांडीच्या मागच्या स्नायूंची खरी कसोटी लागते ती मोकळ्या, पूर्ण वेगाच्या धावेत. ती धाव सरावात कधीच आली नाही, तर स्पर्धेत ती पहिल्यांदाच येते, आणि दमलेल्या पायांवर येते.

जागा वाढवता येत नसेल तर गडी कमी करावेत. त्याच 600 चौरस मीटरच्या खाचरात तीन विरुद्ध तीन खेळवलं की खेळाडूमागे जागा 60 वरून 100 होते. बाकीची मुलं बाहेर विश्रांती घेतील आणि तीन-चार मिनिटांनी आत येतील. तरीही पूर्ण वेग मिळत नाहीच. त्यासाठी रहदारी नसलेल्या सपाट पट्टीवर, अंग नीट गरम झाल्यावर, तीस-चाळीस मीटरच्या मोजक्या धावा आठवड्यातून दोनदा घ्याव्यात, आणि वेग हळूहळू वाढवावा. स्पर्धेच्या आधीच्या काही आठवड्यांत जमेल तेव्हा तालुक्याच्या मोठ्या मैदानावर जावं; पण पहिल्याच दिवशी तासभर खेळवू नये.

आणखी एक. 2007 साली इटलीत रामपिनिनी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की प्रशिक्षक बाहेरून हुरूप देत राहिला तर त्याच खेळाचे कष्ट वाढतात. म्हणजे मैदान मोठं, गडी थोडे आणि वर प्रशिक्षकाचा आवाज, हे सगळं एकाच दिवशी आणलं तर भार कितीतरी वाढतो. जव्हार-मोखाड्यात तर त्याआधी मुलं काही खाऊन आली आहेत का, हे विचारायलाच हवं. रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला मोठ्या मैदानावर पळवू नये. त्या दिवशी त्याला लहान चौकोनात पास देण्याचं काम द्यावं.

मोजायला टेप नसेल तर सुतळीला दर पाच मीटरवर गाठ मारावी, कोपऱ्यांना कारवीच्या काठ्या रोवाव्यात, फक्की मिळाली तर रेषा माराव्यात. सुरुवातीला धसकटं आणि भेगा असलेला भाग रेषेबाहेर ठेवावा. वहीत तारखेशेजारी लांबी, रुंदी, गडी आणि मिनिटं लिहावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं काय दुखतंय ते विचारून त्याच ओळीत टिपावं, आणि त्या दिवसाचं मैदान त्यावरून आखावं.