शेवाळ काचेवर, कारण पाण्यात

खाऱ्या पाण्याचा नवा टँक लावला की पहिल्या काही महिन्यांत शेवाळ येणारच, ते कुणालाच चुकलेलं नाही. शेवाळाने होणारं नुकसान थोडं असतं. ते घालवायच्या घाईत होणारं नुकसान फार मोठं. बेळगाव-निपाणी भागात ही हौस नव्याने धरणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्याकडचं पाणी, वीज आणि समुद्रापासूनचं अंतर यांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. परदेशी व्हिडिओ पाहून टँक लावणाऱ्याला नेमकं तेवढंच कळत नाही.

आधी निपाणीतल्या माझ्या एका मित्राच्या टँकची हकिगत. दगडांवर हिरवं, केसाळ शेवाळ माजलं होतं. कुणीतरी त्याला शेवाळ मारायचं औषध दिलं, त्यात तांबं होतं. संध्याकाळी औषध टाकलं आणि रात्री वीज गेली. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत गेला आणि पंप बंद असल्यामुळे नवा मिळेना. सकाळी मी पोहोचलो तेव्हा गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या, कपारीतली कोळंबी मरून पांढुरकी झाली होती आणि क्लाऊनफिश पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून धापा टाकत होते. बॅटरीवरचा एअर पंप लावल्यावर मासे तेवढे वाचले. पण तांबं दगडांत मुरतं आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहतं. त्या टँकमध्ये नंतर सोडलेली कोळंबीही टिकली नाही. शेवाळ मात्र परत आलं, कारण ते ज्यावर पोसलं जात होतं ते पाण्यात तसंच शिल्लक होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: शेवाळ मारू नका, त्याचा शिधा तोडा. हा शिधा म्हणजे उजेड, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दगड आणि वाळू मोकळी असते. त्या मोकळ्या जागेवर जे सर्वांत झपाट्याने वाढतं, ते आधी बस्तान बसवतं.

उपाय करण्याआधी समोर काय आहे ते ओळखा. पहिल्या आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर जो तपकिरी थर धरतो, तो डायटमचा. पाण्यातली सिलिका संपली की तो आपसूक ओसरतो. पाठोपाठ हिरवं केसाळ शेवाळ येतं. ते नायट्रेट-फॉस्फेटवर जगतं. लालसर-जांभळा, बुडबुडे धरणारा आणि नळीने ओढला की सलग पापुद्र्याने निघणारा थर हे खरं तर शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. त्यांच्यावर अँटिबायोटिक टाकायचा सल्ला मिळतो, पण त्या औषधाने टँक सांभाळणारे उपयोगी जीवाणूही मरू शकतात.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. दिवसा वाढणाऱ्या आणि रात्री विरळ होणाऱ्या तपकिरी, चिकट तारा दिसल्या तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्या. थोडा चिकटा पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. तारा पुन्हा जुळून आल्या तर बहुधा तेच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलं की हे हमखास बळावतात. म्हणूनच फॉस्फेट शोषणारी पावडर एकदम भरपूर टाकू नये. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राखलं तर टँक निरोगी राहतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: टँक शेवाळाने भरलेला असताना टेस्ट किट नायट्रेट शून्य दाखवू शकतं, कारण ते शेवाळानेच खाऊन टाकलेलं असतं.

आता आपल्या पाण्याकडे वळू. बेळगावला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येणारं पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, या टँकसाठी नव्हे. बोअरचं पाणी तर आणखी जपून वापरावं. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते आणि उसाच्या पट्ट्यात खतांचं नायट्रेट विहिरी-बोअरपर्यंत पोहोचतं. अनेकजण घरच्या आरओवर भरवसा ठेवतात. माझ्या टँकमधला तपकिरी थर हटता हटेना, त्याचं कारण याच आरओत सापडलं. झाकण काढलं की मेम्ब्रेनला वळसा घालून जाणारी एक बारीक नळी आणि तिच्यावर फिरवायची छोटी कळ दिसते. तो टीडीएस कंट्रोलर. पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. माणसाला ते बाधत नाही, पण टँकमध्ये रोज सिलिका आणि नायट्रेटची भर पडते.

टँकसाठी मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) बसवलेलं वेगळं युनिट घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय ते पाणी वापरू नका. रेझिन संपत आलं की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि मीटरला ती नीट कळत नाही. म्हणून रेझिन थोडं आधीच बदला. उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, पण मीठ आणि सिलिका टँकमध्येच राहते. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त शुद्ध गोडं पाणी घाला. तिथे नळाचं पाणी घालणं म्हणजे शेवाळाला रोज खुराक देणं.

काहीजण चोर्ला घाटातून गोव्याला गेले की कॅन भरून समुद्राचं पाणी आणतात. पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाजवळ ते पाणी गोडं झालेलं असतं आणि सोबत गाळही येतो. त्यापेक्षा लिटरला साधारण ३५ ग्रॅम अ‍ॅक्वेरियमचं मीठ मिसळा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी आहे ना, ते पाहा. मालवण किंवा गोव्याहून प्रवाळाचा दगड मात्र कदापि आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड पुरेसा होतो, फक्त तो रुळायला वेळ द्यावा लागतो.

बाकीची शिस्त साधी आहे. टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नका. दिवा टायमरवर लावा, सुरुवातीला दिवसाकाठी सहा तास पुरे. गोठवलेलं खाद्य वितळवून, धुऊन द्या, आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच द्या. केसाळ शेवाळ आधी हाताने उपटा, मग टूथब्रशने घासा. घासताना पंप बंद ठेवा आणि सुटलेले तुकडे तिथल्या तिथे नळीने ओढून घ्या, नाहीतर ते सगळीकडे रुजतात. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला. डायनोफ्लॅजेलेट असतील तर मात्र काही काळ थांबा, पाणी बदलल्याने ते कधीकधी वाढतात. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई मोजक्याच आणा, शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात.

उपटलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाका, समुद्रात किंवा खाडीत कधीही सोडू नका. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टँकमधलं शेवाळ भूमध्य समुद्रात आढळलं आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मैलोन्मैल पसरलं. सहलीला जाताना नको झालेले मासे गोव्याच्या पाण्यात सोडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, नायट्रेट-फॉस्फेटचं टेस्ट किट आणि बॅटरीवरचा एअर पंप या चार वस्तू आधी घ्या आणि मासे सगळ्यांत शेवटी. शेवाळ दिसलं तर औषधाची बाटली उघडण्याआधी शुद्ध केलेलं पाणी, टँकमधलं पाणी आणि दिव्याची वेळ तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं आणि कोणत्याही जिवाची किंमत त्यासाठी मोजावी लागत नाही.