विम्यातला काढा: देजॉनमध्ये शिकलेल्या गोष्टी

नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात आलं. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला जुलै २०१९पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात यावंच लागतं. त्या विम्यात आधुनिक उपचारांबरोबर कोरियाची परंपरागत वैद्यकीही बसते: सुया, तुंबड्या, दवण्याच्या जातीच्या पाल्याचा शेक आणि काही औषधं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाचं नाव रोज कानावर पडणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे याचं कुतूहल होतंच. पुढे गरजही पडली. तिथे जे कळलं ते लिहिते.

१. दोन दारं वेगळी आहेत, आणि मधला निरोप आपणच न्यायचा असतो.

कोरियात वैद्याला ‘हानुईसा’ म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला ‘हानुईवन’. १९५१च्या कायद्याने त्यांना डॉक्टरांसारखाच स्वतंत्र परवाना मिळाला. शिक्षण सहा वर्षांचं, मग राष्ट्रीय परीक्षा. पण हद्द पक्की आहे. हानुईसा प्रतिजैविक लिहून देऊ शकत नाही आणि डॉक्टर काढा लिहून देत नाही. त्यामुळे एकाकडे काय चाललंय ते दुसऱ्याला सांगायचं काम रोग्याचं. मी एका कागदावर चालू औषधांची नावं कोरियन लिपीत लिहून घेतली आणि तो कागद दोन्हीकडे दाखवत राहिले. भाषा अडली तरी कागद अडत नाही.

२. विम्याची यादी आखूड आहे, आणि ते बरं आहे.

१९८७ साली परंपरागत वैद्यकी विम्यात आली. औषधांत मुख्यतः ५६ ठरलेले योग बसतात, तेही कारखान्यात अर्क काढून केलेल्या भुकटीच्या रूपात. २०१६पासून त्यांत गोळ्या आणि चाटणासारखे घट्ट अर्कही आले. सर्दीला ‘गाल्गुनथांग’, अंगदुखी-पोटदुखीला ‘ओजॉकसान’ अशी ही नावं तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ असतात. गाल्गुनथांगमध्ये काय असतं ते वाचलं तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं: आलं, ज्येष्ठमध, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, बोरं, आणि आपल्या विदारीकंदाच्या भावकीतलं एक कंदमूळ. दवाखान्यातलं बिल झालं की त्याचा साधारण ३० टक्के भाग आपण द्यायचा, बाकी विमा देतो.

दर रोग्याची प्रकृती वेगळी, मग सगळ्यांना त्याच ५६ योगांत का बसवायचं, अशी तक्रार अनेक हानुईसा करतात. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तरीही रोगी म्हणून मला ती ठरलेली भुकटी आश्वासक वाटली. आत काय आहे, किती आहे, हे पाकिटावर छापलेलं होतं.

३. चेहरा वाकडा झाला तर आधी डॉक्टर, मग काढा.

एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. एक डोळा मिटेना. शेजारच्या आजी घाबरून म्हणाल्या, लगेच हानुईवनमध्ये चल, हे आमचं दुखणं आहे. खरंच, चेहऱ्याच्या लकव्यासाठी तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक सुया टोचून घेतात. मी मात्र आधी रुग्णालयात गेले. या लकव्यात पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू झालं तर बरं होण्याची शक्यता वाढते. शिवाय हा मेंदूतला झटका नाही ना, हे तपासणं त्याहून महत्त्वाचं. ते सगळं उरकून, स्टेरॉइड चालू असताना मी आजींबरोबर हानुईवनमध्ये गेले. आजींचा मान राहिला आणि वेळही गेला नाही.

तिथे मला विम्यातला ताजा काढा मिळाला. विम्यातून काढा देण्याचा हा प्रयोग नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाला. तोवर रोग्यागणिक उकळून दिलेल्या काढ्याचा सगळा खर्च रोगी स्वतः करत असे. पहिल्या टप्प्यात तीनच दुखणी होती: चेहऱ्याचा लकवा, ६५च्या पुढच्या लोकांत मेंदूच्या झटक्यानंतर राहिलेला अधूपणा, आणि पाळीतल्या वेदना. वर्षाला दहा दिवसांचा काढा, निम्मा खर्च रोग्याचा. एप्रिल २०२४पासून ॲलर्जीची सर्दी, अपचन आणि कंबरेची सरकलेली चकती यांचीही भर पडली. लहान दवाखान्यात रोग्याचा वाटा ३० टक्क्यांवर आला. आता वर्षाला दोन दुखण्यांसाठी प्रत्येकी २० दिवसांपर्यंत काढा मिळतो. दहा दिवसांच्या काढ्याला रोग्याला ४० ते ८० हजार वॉन पडतात.

काढा प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांतून येतो, गरम पाण्यात ठेवून प्यायचा. पण मला मोलाचा वाटला तो खोक्याबरोबर मिळालेला कागद. त्यावर प्रत्येक वनस्पतीचं नाव, आणि ती कोरियाची की चीनची, हे लिहिलेलं होतं. आमच्या गावचे वैद्यबुवा पुड्या बांधून देत; आत काय आहे ते विचारायची रीतच नव्हती. कोरियातही घराण्याचे गुप्त नुस्खे वर्षानुवर्षं तसेच विकले गेले. लोकांच्या हप्त्याचा पैसा आला तेव्हा वैद्याला लेखणी उचलावी लागली. या सगळ्या योजनेतली हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, सवलतीपेक्षाही मोठी.

मी पूर्ण बरी झाले. कशाने, ते मी सांगणार नाही, कारण या लकव्यातले बहुतेक लोक कालांतराने बरे होतातच.

४. म्हाताऱ्यांसाठी हानुईवन हा दवाखान्याहून जास्त काही असतो.

६५ वर्षांपुढच्या रोग्याचं छोट्या दवाखान्यातलं एकूण बिल १५,००० वॉनच्या आत असेल तर त्याने फक्त १,५०० वॉन द्यायचे. त्यामुळे सकाळी तिथे आज्यांची गर्दी असते. उबदार गादीवर पडायचं, गुडघ्याला सुया, कंबरेला शेक, आणि शेजारच्या पडद्याआडून सुनांच्या गोष्टी. एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणीतरी हात लावून विचारतं, कुठे दुखतं? औषधाच्या हिशेबात हे बसत नाही, पण मी ते पाहिलं आहे आणि कमी लेखणार नाही.

५. भांडण दोन्ही बाजूंनी ऐकावं.

ऑगस्ट २०२०मध्ये कोरियातले डॉक्टर संपावर गेले. त्यांच्या चार विरोधांपैकी एक काढ्याच्या विम्याला होता: परिणामाचा आणि सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नसताना जनतेचा पैसा का घालायचा? हा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की लोक काढा तसाही पितात, स्वतःच्या खिशातून, नोंदीशिवाय. विम्यात आला की निदान कुणाला काय दिलं याची नोंद राहते. मात्र ती नोंद तपासून जे उपयोगी ठरणार नाही ते यादीतून काढण्याची हिंमत सरकारने दाखवली पाहिजे.

६. स्वस्त झालं म्हणून निरुपद्रवी होत नाही.

गाल्गुनथांगमध्ये इफेड्रा ही वनस्पतीही असते. ती रक्तदाब आणि हृदयाची धडधड वाढवते. ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेलं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने हे आधी सांगायलाच हवं. हरणाच्या शिंगाची, जिनसेंगची महागडी टॉनिकं विम्यात नाहीत. ती घेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नको म्हणावं.

७. घरून आणलेल्या पुड्यांचंही सांगा.

तिथल्या मराठी घरांत अश्वगंधा, त्रिफळा, कुठलीतरी भस्माची डबी असतेच, आणि हे कुणी डॉक्टरला सांगत नाही. सांगा. आणि इकडे महाराष्ट्रात राहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. २०२४मध्ये आपल्या विमा नियामकानेही आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायला कंपन्यांना सांगितलं आहे. म्हणून पुढच्या वेळी वैद्यांकडे जाल तेव्हा औषधात काय काय आहे ते कागदावर लिहून मागा, भस्म असेल तर त्याचं नावही. चांगला वैद्य ते आनंदाने लिहून देईल.