पाणबुड्याच्या खर्चात थांबण्याचे दिवसही धरा

नळयोजनेच्या जॅकवेलच्या तोंडाशी गाळ बसला किंवा जाळीत जलपर्णी अडकली की ग्रामपंचायतीला पाणबुडा शोधावा लागतो. लाखांदूरच्या बाजूला वैनगंगा उन्हाळ्यात उतरते, तेव्हाच हे काम उरकायला हवं. पाऊस लागून वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, की नदीत माणूस उतरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. म्हणून ठराव जानेवारीतच घ्या. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं आणि कार्यादेश एवढी वाट असते.

दरपत्रक मागताना नुसता एकूण आकडा घेऊ नका. माणसं-सामान आणण्या-नेण्याचा खर्च, कामाच्या दिवसाचा दर आणि मंजुरीअभावी किनाऱ्यावर थांबावं लागलं तर त्या दिवसाचा दर, असे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. खरी गळती तिसऱ्यात होते, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. दर किती दिवस कायम राहील, हेही लिहून घ्या. समजा, काम 40,000 रुपयांचं ठरलं. 18 टक्के जीएसटी लागू असेल, तर बिल 47,200 होतं. ठेकेदार एकटा असेल तर मूळ रकमेवर 1 टक्का, म्हणजे 400 रुपये आयकर कापायचा. कंपनी किंवा भागीदारी असेल तर 2 टक्के.

एका बाबतीत घासाघीस नको. पाणबुडा आत असताना पंप सुरू झाला, तर पाण्याची ओढ त्याला जाळीला चिकटवते आणि सुटका होत नाही. पंपाचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावा, किल्ली पाणबुड्याच्या माणसाकडेच द्या. वर दुसरा पाणबुडा तयार हवा. गावातला ढिवर कितीही पट्टीचा पोहणारा असला, तरी केवळ स्वस्त म्हणून त्याला पाइपाच्या तोंडाशी पाठवू नये.

मान्यतेची फाइल अडली तर 2005 चा विलंब प्रतिबंधक कायदा दाखवा. शासकीय कर्मचाऱ्याने फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडवू नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणाचा निर्णय साधारणपणे 45 दिवसांत, जाणाऱ्याचा तीन महिन्यांत व्हावा, असं तो सांगतो. विलंब काय करतो, हे गोसीखुर्दनेच दाखवलंय: 372 कोटींचा प्रकल्प 18 हजार कोटींच्याही पुढे गेला.

तरीही हालचाल नसेल, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात एवढंच विचारा: फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे? उत्तराची मुदत 30 दिवसांची, म्हणून हा अर्ज फेब्रुवारी संपण्याआधी गेला पाहिजे.