पहिल्या वर्षाचा सण

(मुखेडची एक निवृत्त आरोग्यसेविका आणि पुण्यात नोकरी करणारा तिचा भाचा यांचं हे बोलणं. दोन्ही माणसं कल्पित आहेत. ज्या गोष्टींबद्दल ती बोलतात त्या कल्पित नाहीत. भाच्याचे वडील आषाढात वारले आणि दिवाळी आता पंधरा दिवसांवर आली आहे.)

भाचा : मावशी, मला एवढंच सांग. दिवाळीत आईसमोर बाबांचा विषय काढायचा की नाही?

मावशी : आधी बस. तू काय ठरवून आलायस ते सांग.

भाचा : आईला दिवाळीचे चार दिवस पुण्याला नेतो. इथं घरात जिकडं बघावं तिकडं बाबा आहेत. तिकडं सोसायटीत रोषणाई असते, कार्यक्रम असतात. तिचं मन रमेल.

मावशी : तिला विचारलंस?

भाचा : ‘तू म्हणशील तसं’ म्हणाली.

मावशी : म्हणजे नको म्हणाली. माझी बहीण आहे ती, मला कळतं. अरे, तिथं तुझ्या वडलांना ओळखणारं कोण आहे? इथं दारात आलेला माणूस निदान म्हणतो, ‘दाजी असते तर आकाशदिवा कधीच टांगला असता.’ आजूबाजूला माणसं नसणं वेगळं आणि आपलं म्हणणारं कोणी नाही असं वाटणं वेगळं. दुसरं भर गर्दीतही वाटतं. 2025 च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला हा एकटेपणा सतावतो. आणि त्यात पोरंसोरं म्हाताऱ्यांपेक्षा कमी नाहीत. तुझ्या वयाच्या मुलांचं प्रमाण जास्तच आहे.

भाचा : माझं राहू दे. आईचं सांग. सणालाच का इतकं अंगावर येतं? एरवी ती ठीक असते.

मावशी : एरवी कामाचा रेटा असतो. शिवाय सणात प्रत्येक कामाला माणूस ठरलेला असतो. उटणं कोण लावणार, लक्ष्मीपूजनाला पाटावर कोण बसणार, पहिला फटाका कोण लावणार. तो माणूस गेला की त्या कामाच्या जागी भोक पडतं आणि ते सगळ्यांना दिसतं. तुला कोणत्या दिवसाची भीती वाटते?

भाचा : लक्ष्मीपूजनाची.

मावशी : आणि तिला पाडव्याची. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. तिनं वर्षानुवर्षं ओवाळलंय. हे तुझ्या डोक्यातसुद्धा आलं नसेल.

भाचा : नाही आलं. मग पाडव्याला काय करू?

मावशी : तिलाच विचार, ‘आई, पाडव्याचं काय करायचं?’ म्हणावं. कोणाला फोटोपुढं दिवा लावावासा वाटतो, कोणाला त्या दिवशी शेतात जाऊन बसावंसं वाटतं. बेत तिचा असू दे. आणि मामाला म्हणावं, भाऊबीजेची वाट बघू नको, पाडव्यालाच ये.

भाचा : पण असं विचारलं आणि ती रडायला लागली तर?

मावशी : रडू दे की.

भाचा : म्हणजे ऐन सणात मीच तिला रडवलं, असं होईल.

मावशी : तू रडवत नाहीस. रडू आधीपासून आतच आहे. तू विषय टाळलास की तिला वाटतं, पोराला त्रास नको, मग ती तुझ्यासमोर हसते आणि रात्री एकटी जागते. तू तिला सांभाळायलास, ती तुला सांभाळायलीय, आणि दोघांच्या मधे तुझे वडील अवघडून बसलेत. जुन्या लोकांना हे कळत होतं. पहिल्या वर्षी दुःखाच्या घरात कढई चढत नाही ती का?

भाचा : अशुभ म्हणून.

मावशी : शिकलास आणि एवढंच कळलं? कढई चढत नाही म्हणजे त्या बाईवर सण साजरा करायची सक्ती नाही. आणि फराळ भावकीनं, सोयऱ्यांनी घेऊन यायचा, म्हणजे लोकांना त्या घरात यावंच लागतं. येणारा बसतो, गेलेल्याचं नाव काढतो, दोघं डोळे पुसतात, मग चहा होतो. आता काय चाललंय? डबा दारात ठेवायचा, गाडीवरून न उतरता ‘येतो काकू’ म्हणायचं. नाहीतर मोबाइलवर पणतीचं चित्र पाठवायचं. दुःखाच्या घरी ‘ही दिवाळी आपणास भरभराटीची जावो’! पाठवणाऱ्यानं नाव तरी वाचावं!

भाचा : मावशी, लोकांना काय बोलावं ते सुचत नाही.

मावशी : सुचायला कशाला पाहिजे? गप बसता येतं ना? 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या तालुक्यात एका रात्रीत पाणी चढलं. हसनाळ, रावणगाव पाण्यात बुडाली. माणसं गेली, जनावरं गेली. दोन महिन्यांत दिवाळी आली. ती घरं लेंडी धरणाच्या पाण्याच्या तोंडाशी. पुनर्वसनाच्या नावानं तिथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. अशा माणसाला मदतीचं पाकीट देऊन फोटो काढून निघायचं नसतं. त्याला विचारायचं, कोण गेलं, कसं होतं ते माणूस. पण नाही! आपल्याकडं...

भाचा : ते खरं आहे, पण आईचं...

मावशी : येते आईकडंच. तिला झोप लागते का?

भाचा : मधेच उठते म्हणे. डोकं दुखतं, पाय दुखतात म्हणते.

मावशी : आपल्याकडच्या बायका मन दुखतंय असं म्हणत नाहीत, अंग दुखतंय म्हणतात. आता नीट ऐक. दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं. मधे माणूस नातवाकडं बघून हसतं, जेवतं. ते ओसरेनासंच झालं, दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नाही, कशात रस नाही, ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ अशी भाषा आली, तर ते नुसतं दुःख राहिलं नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आणि एक प्रश्न सरळ विचारायचा : ‘आई, जगू नये असं वाटतं का?’

भाचा : छे! हे कसं विचारू? नसलेला विचार मीच तिच्या डोक्यात घालायचा?

मावशी : विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आम्हाला हेच शिकवायचे आणि मलाही आधी तुझ्यासारखंच वाटायचं.

भाचा : आणि ती ‘हो’ म्हणाली तर?

मावशी : तर घाबरायचं नाही, रागवायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही. 14416 हा फोन लावायचा. टेली-मानस म्हणतात त्याला, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहे. शेतकऱ्यांसाठी सरकारनं 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला नांदेड आहे. आणि आज घरी गेलास की पहिलं काम : फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते बघ. घरातून काढ, नाहीतर कुलपात टाकून किल्ली तुझ्याकडं ठेव.

भाचा : त्यानं काय होतं? मनात असलं तर माणूस दुसरं काही शोधेल.

मावशी : सगळ्यांना असंच वाटतं. पण ती घडी अनेकदा थोड्या वेळाची असते. हाताशी विष नसलं की ती टळते आणि टळली की माणूस बहुतेक वेळा वाचतो. श्रीलंकेनं 1995 पासून जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली, आत्महत्यांचं प्रमाण फार खाली आलं. कुलूप लावायला डॉक्टर लागत नाही.

भाचा : करतो. पण मावशी, तिनं नुसतं बसून राहू नये म्हणून काय करू?

मावशी : तिला काम दे. आराम कर, आराम कर म्हणून तुम्ही पोरं माणसाला कोपऱ्यात बसवता. येळवस येतेय मार्गशीर्षातल्या अवसेला. लातूर, धाराशिव आणि आपल्या भागात त्या दिवशी गाव रिकामं आणि रान भरलेलं. माझ्यासाठी सगळ्या सणांत मोठा सण तो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, मडक्यातली आंबील. ज्याला रान नाही त्यालाही बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं. आता गाड्या येतात, फोटो निघतात आणि आपली आपली माणसं जेवून जातात. बोलावणं गेलं तर येळवशीत उरलं काय?

भाचा : आई येईल का? पहिलंच वर्ष आहे.

मावशी : माझ्या रानात येईल. भज्जी तिच्यासारखी कोणाला जमत नाही, ती तिनंच करायची. आणि ज्यांची लेकरं-सुना ऊसतोडीला गेल्यात, जे म्हातारे घर आणि नातवंडं राखत बसलेत, त्यांना बोलवायला तिलाच पाठवायचं. ज्याच्याकडं सगळे कीव करत बघतात, त्यानं चार जणांना जेवू घातलं की त्याची मान जरा वर होते.

भाचा : पण पूजेला बायका तिला पुढं येऊ देतील? कुंकवाचं बोट...

मावशी : तो छळ आपणच मांडलाय. नवरा जातो तेव्हा बाईचं एक माणूस जातं. आपण हळदीकुंकवातून, ओटीतून उठवून तिचं अख्खं गाव काढून घेतो. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनं त्याच महिन्यात बाकी गावांना तसं करायला सांगितलं. ठराव चांगलाच आहे, पण ओटी भरायला हात घरच्या बाईनं पुढं करावा लागतो. माझ्या रानात पहिला मान तिचा. कोणाला खटकलं तर त्यांनी मला विचारावं.

भाचा : म्हणजे पुण्याचं तिकीट रद्द करतो. आणि विषय काढतो.

मावशी : आज रात्रीच काढ. दिवाळीपर्यंत थांबू नको, सणाआधीचे दिवसच फार जड जातात. आणि एक सांग. वडील तुझेही गेलेत. तू कोणाजवळ बोललास?

भाचा : ऑफिसात सगळे बिझी असतात. खोलीवर आल्यावर... नाही, कोणाजवळ नाही.

मावशी : मघाशी ‘माझं राहू दे’ म्हणालास तेव्हाच मला कळलं होतं. आईला विचारशील तेव्हा तुझंही सांग. तुला रडू आलं तर दाबू नको. पोरगं आपल्याजवळ येऊन रडलं, याचासुद्धा आईला आधार वाटतो.

भाचा : बरं. दिवाळीला आठवडाभर सुट्टी टाकतो.

मावशी : सगळी दिवाळीतच संपवू नको. त्या दिवसांत माणसं येत-जात असतात. भाऊबीज झाली, मामा गेला, शेजारच्यांची पोरं शहराकडं परतली की घर खरं रिकामं होतं आणि तेव्हा विचारायला कोणी नसतं. तीन दिवस दिवाळीत घे, दोन त्याच्या पुढच्या आठवड्यात घे. आणि येळवशीची सुट्टी आत्ताच मागून ठेव.