आठवीनंतर काय, हे पहिलीतच विचारा

2015 साली आरटीईच्या सोडतीत माझ्या मुलीचा नंबर लागला, तेव्हा मी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मी शिवणकाम करते, हे रिक्षा चालवतात. आमची पोर इंग्रजी शाळेत जाणार! त्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहिला: हे किती वर्षं?

2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (हाच आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांना (अल्पसंख्याक सोडून) प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. पण मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. आम्हाला ते कळलं नववीच्या फीचा कागद हातात पडल्यावर. आकडा आमच्या पाच महिन्यांच्या कमाईएवढा होता.

मग तिला जवळच्या अनुदानित मराठी शाळेत घातलं. सेमी इंग्रजी होतं, म्हणून गणित-विज्ञान निभावलं. भूगोलात मात्र पोर अडली. उत्तर यायचं, शब्द यायचा नाही. 'सेडिमेंटरी रॉक' तिला पाठ. पेपरात 'स्तरित खडक' दिसला आणि तिने जागा कोरी सोडली. आठ वर्षं वर्गात हात वर करणारी मुलगी संध्याकाळी मशीनशेजारी गप्प बसायला लागली. ते बघणं फीपेक्षा जड गेलं.

म्हणून सांगते, अर्जात दहा शाळा निवडता येतात, त्या भरण्याआधी प्रत्येक शाळेत जाऊन नववी-दहावीची आजची फी विचारा. परवडणार नसेल तरीही प्रवेश घ्या, आठ वर्षं थोडी नाहीत. पण पुढची शाळा आतापासून हेरून ठेवा. घरी रोज पानभर मराठी वाचून घ्या, लिहूनही घ्या. हे मी केलं असतं तर तिचं ते वर्ष सुखाचं गेलं असतं.

भाड्याने राहत असाल तर पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेला भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. आमच्या चाळीतल्या एकीचा नंबर लागूनही त्यापायी प्रवेश हुकला.

शाळेने वर पैसे मागितले तर मी केलं तसं मुकाट्याने देऊ नका. कशाचे, ते लेखी मागा. नाही दिलं तर शिक्षण विभागात अर्ज करा आणि पोच घ्या. मी सहलीचे, कार्यक्रमांचे पैसे भरत गेले. एकाचीही पावती माझ्याकडे नाही.