घोड्याचा पाय आणि पाणी

परळ येथे आचार्य दोंदे मार्गावर पशूंचे एक जुने रुग्णालय आहे. ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय’ हे त्याचे नाव. पण परळ-लालबागची माणसे त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात. या साध्या नावात जुन्या मुंबईची एक खूण राहून गेली आहे. एके काळी या शहराचा सारा भार बैल आणि घोडे यांच्याच खांद्यांवर होता. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्रामगाडी सुरू झाली, तीही घोड्यांची. कुलाब्याहून पायधुणीकडे जाणारी ही गाडी एक किंवा दोन घोडे ओढीत असत. ट्राम कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते, असे सांगतात. विजेची ट्राम आली ती १९०७ साली.

दगडी रस्त्यावर दिवसभर ओझे ओढणारा घोडा एक ना एक दिवस लंगडू लागे. अशा मुक्या जिवांची कणव येऊन १८७४ सालीच मुंबईत प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. दानशूर गृहस्थ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या साहाय्याने १८८४ साली परळचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. दयेला शास्त्राची जोड मिळाली. तरीही घोड्याचा पाय ही पशुवैद्यांपुढील मोठी अवघड समस्या होती, आणि काही अंशी ती आजही आहे. असे का असावे?

घोड्याच्या पायाची रचना पाहिली म्हणजे याचे उत्तर मिळते. घोड्याला प्रत्येक पायास एकच बोट असते. खूर म्हणजे त्या बोटाचे जाड, कठीण नखच होय. शर्यतीचा घोडा सुमारे ४५० ते ५०० किलोग्रॅम वजनाचा असतो, आणि एवढा मोठा देह या चार नखांवर उभा असतो. तो भरधाव धावू लागला की एकेका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. शिवाय गुडघ्याखाली मांसल स्नायू नसतातच. तेथे हाड, कातडी आणि दोरासारख्या चिवट कंडरा एवढेच असते. कंडरा दुखावली, तर ती भरून येण्यास कित्येक महिने लागतात.

माणसाचा पाय मोडला तर तो खाटेवर पडून राहतो. घोड्याला हे साधत नाही. तो फार काळ आडवा राहिला, तर त्याच्याच वजनाने त्याची फुप्फुसे आणि स्नायू दबतात. तीन पायांवर उभा राहिला, तर चांगल्या पायावर दुप्पट ताण येतो आणि त्या पायाच्या खुरातील नाजूक पडदे सुजतात. हे दुखणे कधी कधी प्राणघातक ठरते. हालचाल करावी तर दुखावलेला पाय बिघडतो. न करावी तर सारे शरीर खंगते. इकडे आड, तिकडे विहीर! म्हणूनच पाय मोडलेल्या घोड्याला पूर्वी बहुधा गोळी घालून वेदनांतून मुक्त करीत.

या पेचातून सुटण्याची एक वाट पाण्याने दाखविली. विहिरीतून भरलेली घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर येताच जड होते. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात उतरणाऱ्या मुलालाही आपले अंग हलके झाल्याचा अनुभव येतो. पाणी आपल्यात बुडालेल्या वस्तूला वर उचलून धरते. घोड्याच्या बाबतीतही हेच घडते. तो कमरेच्या हाडापर्यंत पाण्यात उभा राहिला की पायांवरील भार सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होतो. तो पोहू लागला की पाय जमिनीला टेकतच नाहीत. पायांना धक्का न बसता हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांना मात्र भरपूर व्यायाम मिळतो.

घोडा हा उपजत पोहणारा प्राणी आहे. त्याला शिकवावे लागते ते पोहणे नव्हे, तर तलावात निर्भयपणे उतरणे. यासाठी खास तलाव बांधतात. त्याला पायऱ्या नसतात; खडबडीत, उतरता मार्ग असतो. दोन मोतद्दार दोन्ही काठांवरून लांब दोऱ्या धरून चालतात आणि मधोमध घोडा पोहतो. त्याचे डोके पाण्याबाहेर राहील, याची ते सतत काळजी घेतात. कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, तो केवळ नाकपुड्यांनीच श्वास घेतो. पहिल्या दिवशी एखादी फेरी पुरे होते. स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ४० च्या आसपास असतात; पोहताना ते १५० च्याही वर जातात. यावरून हा व्यायाम किती कष्टाचा आहे, हे ध्यानी येते. ज्या घोड्यास पोहणे झेपत नाही, त्याला पाण्याखाली फिरणाऱ्या पट्ट्यावर सावकाश चालवितात.

समुद्राच्या पाण्याचा असाच उपयोग एका इंग्रज माणसाने केला. त्याचे नाव जिंजर मॅकेन. त्याने १९७२ साली ‘रेड रम’ नावाचा घोडा विकत घेतला, आणि पाहतो तो घोडा लंगडा! त्याच्या खुरातील हाडाला रोग जडला होता. मॅकेनने हाय खाल्ली नाही. साउथपोर्ट गावी समुद्रकिनारा होता. तेथील पाण्यात आणि मऊ वाळूवर त्याने घोड्याला नित्यनेमाने फिरविले. हळूहळू घोड्याचे लंगडणे थांबले. १९७३ साली त्याच घोड्याने ‘ग्रँड नॅशनल’ ही अडथळ्यांची अत्यंत खडतर शर्यत जिंकली. १९७४ आणि १९७७ सालीही तोच विजयी झाला. तो वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत जगला.

परंतु पाणी म्हणजे काही संजीवनी नव्हे. २० मे २००६ रोजी अमेरिकेत ‘बार्बारो’ या नामांकित घोड्याचा मागचा उजवा पाय शर्यतीत मोडला. हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. भुलेतून जागा होणारा घोडा घाबरून धडपडतो आणि जोडलेले हाड पुन्हा मोडून घेतो. म्हणून बार्बारोला तराफ्यात बसवून कोमट पाण्याच्या तलावात अलगद सोडले. तो जागा झाला, त्याने पाय झाडले. पण पाण्यात त्याला इजा झाली नाही. पुढे मात्र चांगल्या पायाच्या खुराला सूज आली. वैद्यांनी आठ महिने शर्थ केली. अखेर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनांतून मुक्त करावे लागले.

पाण्याच्या उपचाराला मर्यादा आहेत. जखम भरून येण्यापूर्वी घोड्याला पाण्यात उतरवीत नाहीत. पोहताना त्याची पाठ ताणली जाते; म्हणून पाठ दुखणाऱ्या घोड्यास पोहणे वर्ज्य असते. हाडांना बळकटी येते ती जमिनीच्या आघाताने; म्हणून बऱ्या होत आलेल्या घोड्याला अखेर जमिनीवर आणावेच लागते. आधी विश्रांती, मग पाणी, मग चालणे आणि सर्वांत शेवटी धावणे, असा हा क्रम आहे. तो मोडून घाई करणारा मनुष्य घोड्याचा घात करतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या ट्रामगाड्या केव्हाच गेल्या. व्हिक्टोरिया गाड्यांचा धंदाही २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला. तरी महालक्ष्मीच्या मैदानावर हिवाळ्यात घोडे धावतात, आणि त्यांचे पाय पूर्वीइतकेच नाजूक आहेत. ज्याच्या पाठीवर बसून माणसाने मैलोगणती वाट तुडविली, त्याचा पाय अधू झाल्यावर माणसाने त्याला टाकून देऊ नये. त्यासाठी नुसती दया पुरत नाही. दयेबरोबर ज्ञान हवे, आणि ज्ञानाबरोबर धीर हवा.

शब्दार्थ
कणव : दया. कंडरा : स्नायू व हाड यांना जोडणारी चिवट दोरी. मोतद्दार : घोड्याची निगा राखणारा सेवक. हाय खाणे : धीर सोडणे. शर्थ करणे : पराकाष्ठेचा प्रयत्न करणे. वर्ज्य : टाळण्याजोगे.

स्वाध्याय
१. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ या नावावरून जुन्या मुंबईविषयी काय कळते?
२. जखमी घोड्याला माणसाप्रमाणे पडून विश्रांती का देता येत नाही?
३. पाण्यातील व्यायामाचे लाभ व मर्यादा थोडक्यात लिहा.
४. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या म्हणीचा अर्थ सांगून ती या पाठात कोठे व का आली आहे, ते स्पष्ट करा.
५. ‘दयेबरोबर ज्ञान हवे, आणि ज्ञानाबरोबर धीर हवा’ हे विधान रेड रम व बार्बारो यांच्या हकिकतींच्या आधारे समजावून सांगा.