‘आले’ म्हणजे ‘गेले’

बंगळुरूच्या चामराजपेटेत आमच्या घरी संध्याकाळी पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुले फ्रेंच शिकायला येतात. सगळी एकाच क्रियापदाशी अडतात: ‘आले’, म्हणजे जाणे. मीही शिकताना तिथेच अडले होते. त्यातून उमगलेल्या या पाच गोष्टी.

१. आधी नकाशा काढा. आमची पेठ १८९२ साली आखून वसवलेली. मेन आणि क्रॉस रस्ते कळले की घर सापडते. क्रियापदाचेही तसेच. स्वार्थाचे, म्हणजे साध्या विधानाचे, काळ आठ, चार साधे नि चार संयुक्त. पुरुष-वचनाची रूपे सहा. काळ हे मेन, रूपे हे क्रॉस. एकूण ४८ घरे. कोरा तक्ता समोर असला की भीती निम्मी होते.

२. धातू ओळखा. ‘ज वे, तू वा, इल वा’ म्हणता म्हणता ‘नू आलों, वू आले’ येते, पुन्हा ‘इल वों’. भविष्यकाळात एकदम ‘जिरे’. ‘वे, वा, वों’ लॅटिन ‘वादेरे’ची, ‘इर’ हे ‘ईरे’चे, ‘आल’ तिसऱ्याच घराण्यातले. यात परके काही नाही. आपले ‘जाते’ संस्कृत ‘या’वरून, ‘गेले’ मात्र ‘गत’वरून. रोज तोंडात असलेली रूपे मूल ऐकूनच उचलते, म्हणून त्यांची जुनी वळणे टिकतात.

३. नियम असेल तिथे घोकू नका. ‘नू आलों’मधला ‘आल’ घ्या, प्रत्यय लावा: ‘जाले’, म्हणजे मी जायचे, जात असे. ‘एत्र’ (असणे) सोडले तर प्रत्येक क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ असाच होतो. कथा-कादंबऱ्यांतला साधा भूतकाळ इथे नियमित आहे. बोलताना तो लागत नाही, वाचताना ओळखता आला की पुरे.

४. मराठी कान वापरा. संयुक्त काळांत ‘एत्र’ मदतीला येते. ‘ज स्वी आले’: मी गेले. ‘जेते आले’: गेले होते. ‘ज सरे आले’: गेलेली असेन. बोलणारी बाई असेल तर लिहिताना शेवटी आणखी एक ‘ए’ लागतो. तो ऐकू येत नाही, म्हणून परीक्षेत माझा सुटला होता. तेव्हापासून लिहिण्याआधी मनात मराठी म्हणते: गेलो की गेले? ‘ए’ आपोआप आठवतो.

५. तक्त्यातून वाक्यात उतरा. ‘काल मार्केटला गेले, लहानपणी आजीबरोबर जायचे, उद्या जाईन.’ मुलांना रोज स्वतःच्या दिवसाची अशी तीन वाक्ये करायला लावते. आठवडाभरात तक्ता मिटवता येतो.

शिकवणी सुटली की मुले दारात चपला घालताना कन्नडमध्ये ‘बर्तीनि’, म्हणजे ‘येतो’, म्हणतात. आपणही निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. मग पुढच्या पाठाचे क्रियापद तिथेच ठरते: ‘वनीर’, येणे. तेही अनियमितच आहे.